नादारीचा अर्ज

आमच्या ह्यांनी कोर्टात दिवाळं जाहीर केलं ते माझ्यामुळे, आणि मी त्यांना भरीला पाडलं ते एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे. सुरतेच्या उधना भागातले जुने शेजारी अजून म्हणतात, बाईनं तेव्हा काय हिंमत दाखवली! मीही मान डोलावते. हिंमत नंतर आली. आधी नुसतं अज्ञान होतं.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून इथंही मी 'हे'च म्हणणार. आम्ही खानदेशातले, घरात अहिराणी बोलणारे. हे बारा वर्षं सुरतेत दुसऱ्यांच्या लूमवर कापड विणत होते. मग एकेक करून त्यांनी स्वतःचे चार जुने लूम घेतले, दोन रोखीनं आणि दोन एका पतपेढीचं कर्ज काढून, तेच लूम तारण ठेवून. भाड्याच्या शेडमध्ये चार लूम म्हणजे सुरतेत किस झाड की पत्ती. पण हाताखाली चार कारीगर आले तसे गल्लीतले लोक ह्यांना 'सेठ' म्हणायला लागले. चेष्टेनंच म्हणायचे, पण ह्यांना ते आवडायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडायचं.

धंदा सोपा होता. एक व्यापारी उधारीवर धागा द्यायचा. आम्ही विणलेले ताके, म्हणजे कापडाचे तागे, कापड बाजारातला दुसरा व्यापारी घ्यायचा आणि तीन महिन्यांनी पैसे द्यायचा. ते आले की धाग्याचे चुकते करायचे, कारीगरांचा पगार करायचा, उरेल ते आपलं. मी खोलीत मशीनवर ब्लाउज शिवायचे. दोन मुली शाळेत जात होत्या, आणि सुरतेबाहेर चलथाणकडे हप्त्यानं एक छोटा प्लॉटसुद्धा घेऊन ठेवला होता.

मग प्लेगचं वर्ष आलं, चौऱ्याण्णव. त्या आठवड्यात निम्मं सुरत गाड्यांना लटकून पळालं. आम्हीही मुलींना घेऊन गावी गेलो आणि पंधरा दिवसांनी परतलो. धागेवाला परतला, कारीगर परतले, किराणावाला परतला. ताके घेणारा व्यापारी तेवढा परतला नाही. त्याच्या दुकानाचं शटर खाली होतं आणि आमचे चार महिन्यांचे ताके तो कधीच विकून मोकळा झाला होता. सुरतेच्या बाजारात याला 'उठमणं' म्हणतात. माणूस गेल्यावर सांत्वनाला जमतात, त्यालाही तिथं हाच शब्द आहे. 'ऊठी गयो' म्हणायचं, दोन मिनिटं हळहळायचं आणि कामाला लागायचं.

आता उठायची पाळी आमची होती. धागेवाल्याचं देणं सगळ्यात मोठं, त्याखालोखाल पतपेढीचं, भिशीचे पैसे उचललेले, आणि चार कारीगरांचा दोन महिन्यांचा पगार थकलेला. त्यातला एक ओडिशाचा कारीगर रोज शेडच्या दारात येऊन बसायचा. बोलायचा काही नाही, नुसता बसायचा. धागेवाल्याचा माणूस मात्र बोलायचा, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. आमच्यासारखे दोघे-तिघे त्याच वर्षी खोलीला कुलूप लावून गेले होते. गल्ली आमच्या कुलपाची वाट बघत होती.

एका दुपारी हे शेडवरून आले आणि जेवता जेवता म्हणाले, "गावले निंघी जाऊत. पोरीस्ना शाळाना दाखला काढी ले."

"चोरनामायक?" मी म्हटलं. "मी नही येस."

चोरासारखी मी जाणार नव्हते. मला गावी तोंड दाखवायला लाज वाटत होती असं नाही. पण सुरतेत मी अकरा वर्षं काढली होती. माझी गिऱ्हाइकं होती, मुलींची शाळा होती, नळावर माझ्या हंड्याची जागा ठरलेली होती. जो बुडवून पळाला त्याला सगळे शिव्या घालत होते, आणि त्या शिव्यांत माझ्या नवऱ्याचं नाव यावं हे मला सहन होणारं नव्हतं. मला इथंच, याच खोलीत, दिवसाउजेडी राहायचं होतं. पण कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी ह्यांनीच तो शब्द घरी आणला. शेजारच्या खात्याचा मालक, म्हणजे बाजूच्या लूमच्या शेडचा, जुना सुरती माणूस होता. पळता कशाला, असं म्हणत चहा पिताना त्यानं ह्यांना सुचवलं होतं, "भागी शुं काम जाव छो? नादारी नोंधावी दो."

"नादारी?" मी ताडकन उठलेच. "मंग करी टाका ना! मी नववीलगून नादारीवरच शिकनू!"

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या तालुक्याच्या हायस्कूलात गरिबाच्या मुलांना फी माफ व्हायची, तिला नादारी म्हणत. वडिलांनी अर्ज करायचा, तलाठ्याचा दाखला जोडायचा, आणि गुरुजी हजेरीपटात नावापुढे 'नादार' लिहायचे. फीच्या दिवशी बाकीच्यांनी पैसे मोजायचे आणि आम्ही ऐटीत बसून राहायचं. मला नादारी मिळाली म्हणून आईनं शेजारी गूळ वाटला होता. तेव्हा माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला की सरकारकडे अर्ज करायचा, साहेब चौकशी करणार, माणूस खरंच अडचणीत आहे असं दिसलं की माफ! माझा उत्साह बघून हे चक्रावले. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, आणि घरात कागदपत्रांतलं मला कळतं असं त्यांनी लग्नानंतर लगेच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही कोर्टाजवळ, अठवालाइन्सला, वकिलाकडे गेलो. मी ठेवणीतली साडी नेसले होते.

वकील वयस्कर गुजराती होते, आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी ह्यांना विचारलं, "नादारी का मतलब समझते हो न?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो साहेब. मैं भी नादार थी. नववी तक."

वकिलांनी चष्मा काढला. "तमे, बेन? कौन से कोर्ट में?"

"स्कूल में," मी म्हटलं.

ते इतके हसले की त्यांच्या कारकुनाला आत येऊन बघावं लागलं. मग त्यांनी पाणी मागवलं आणि सावकाश सगळं सांगितलं. इथली नादारी म्हणजे दिवाळं. माणसानं स्वतः कोर्टात जाऊन सांगायचं की माझ्याकडे आहे ते असं आणि देणं आहे ते असं, माझ्यानं फिटत नाही. कोर्टाला पटलं की त्याला नादार ठरवतात आणि त्याची मालमत्ता कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तो ती विकतो आणि पैसे सगळ्या घेणेकऱ्यांना त्यांच्या-त्यांच्या हिश्शानं वाटतो. तारण ठेवलेले दोन लूम त्यातही येणार नाहीत, ते पतपेढी परस्पर नेणार. उरलेले दोन जाणार, प्लॉट जाणार, स्कूटर जाणार, टीव्ही जाणार.

माझा चेहरा पडला होता. मी विचारलं, "और माफ क्या होगा?"

"माफी आखिर में," ते म्हणाले. "जब कोर्ट छोडेगा. एक-दो साल. तब तक कोई तुम्हारे दरवाजे पर आके वसूली नहीं कर सकता. कोर्ट की परमिशन बिना केस भी नहीं."

मग मी आणखी एकच प्रश्न विचारला. तोवर आम्हाला इथं राहता येईल का? वकील म्हणाले, राहता येईल काय, राहावंच लागेल, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर व्हावं लागेल. पळालात तर सगळंच गेलं.

खाली उतरल्यावर ह्यांनी विचारलं, "आते काय करानं?" एवढ्या तोऱ्यात घरून निघाले होते, आता चूक झाली असं कुठल्या तोंडानं म्हणणार? पण नुसता तोराही नव्हता. चार लूम गेले तर गेले, राहायला मिळणार होतं. मी म्हटलं, "करी टाका." शाळेच्या फीमाफीवरून मी सगळा हिशेब केला होता, ही चूक मग रस्त्यात मी ह्यांच्यापाशी कबूल केली. उधना दरवाज्यापाशी ते अचानक हसायला लागले. महिनाभरात पहिल्यांदा हसले ते.

कोर्टात द्यायची देण्याची यादी करायला तीन दिवस लागले. ज्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती, सहीसुद्धा नव्हती, त्यांचंही देणं ह्यांनी लिहायला लावलं. ओडिशाच्या कारीगराचे दोन हजार तीनशे चाळीस. वकिलांचा कारकून म्हणाला, याचा पुरावा काय? हे म्हणाले, मी सांगतोय ना. याच दिवसांत माझा थोरला भाऊ गावाहून आला आणि त्यानं प्लॉट माझ्या नावावर करून टाकायचा सल्ला दिला, मागची तारीख घालून. मी दोन दिवस कोणाला काही न सांगता त्यावर विचार केला हे कबूल करते. प्लॉट डोळ्यांसमोरून हलेना. तिथं एक कडुनिंब होता आणि त्याच्या सावलीत मी स्वयंपाकघर मांडून ठेवलं होतं, मनातल्या मनात. शेवटी वकिलांना आडून विचारलं. ते म्हणाले, दोन वर्षांच्या आतले असले व्यवहार कोर्ट मोडून टाकतं आणि वर माणूस लबाड ठरतो. म्हणजे माझा प्रामाणिकपणा निम्मा कायद्यानं राखला. बाकीचा निम्मा माझा होता. भावाला मी सांगितलं, आलास तसा जेव आणि जा.

कोर्टाची नोटीस गुजराती पेपरात छापून आली, ह्यांच्या पूर्ण नावानिशी. त्या सकाळी मी मुद्दाम चार हंडे घेऊन नळावर गेले. बायका एकमेकींना खुणावू लागल्या. एकीनं धीर करून विचारलं, पेपरात आलंय ते तुमचंच का? मी म्हटलं, "आमचंच. पत्तासुद्धा बरोबर छापलाय, बघितला का?" मग माझा नंबर आला आणि मी पाणी भरलं.

रिसीव्हरचा कारकून यादी करायला आला. टीव्ही, पंखा, स्कूटर लिहीत लिहीत तो माझ्या मशीनपाशी आला आणि मी मधे उभी राहिले. "मना मशीनले हात लावानं नही," असं आधी अहिराणीतच बाहेर पडलं. मग हिंदीत सांगितलं की ही माझ्या शिलाईच्या पैशांतून घेतलेली आहे, पावती माझ्या नावावर आहे, दिवाळं ह्यांचं निघालंय, माझं नाही. पावती मी सकाळपासून पोलक्यात ठेवली होती. त्यानं ती शांतपणे वाचली आणि म्हणाला, "बेन, बैठो. कारीगर का औजार वैसे भी नहीं लेते. बर्तन, बिस्तर, मंगलसूत्र, वो भी नहीं." एवढी लढाईची तयारी वाया गेली म्हणून मला जरा वाईटच वाटलं.

आणखी एक कलम होतं. सुटका होईपर्यंत ह्यांनी पन्नास किंवा जास्त रुपयांची उधारी घ्यायची तर समोरच्याला आधी सांगायचं, मी नादार आहे. न सांगता घेतली तर गुन्हा. कायदा इंग्रजांच्या वेळचा, तेव्हा पन्नास रुपयांत घर चालत असेल. आमच्या वेळी पन्नास रुपयांत तेलाचा डबासुद्धा भरत नव्हता. हे पहिल्यांदा किराणावाल्याकडे गेले तेव्हा मी बरोबर होते. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. हे म्हणाले, "सेठ, सत्तर का सामान है, उधार चाहिए. लेकिन पहले बता दूं, मैं नादार हूं, कोर्ट से." गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. दुकानदारानं तागडी खाली ठेवली. "वीस वरसथी अहीं बेठो छुं, भाई," तो म्हणाला. "लाखोनुं करीने ऊठी गया लोको. पहेलां कहीने कोई नथी गयो." आणि त्यानं साखर जोखायला घेतली. त्या दिवशी पिशवी मी उचलली नाही, ह्यांनाच उचलू दिली, कारण मला ह्यांच्या शेजारून मोकळ्या हातांनी, ताठ चालायचं होतं.

लिलावाचा दिवस मी विसरणार नाही. पतपेढीनं तिचे दोन लूम आधीच नेले होते. उरलेल्या दोनांसाठी भंगारवाले जमले होते आणि किलोच्या भावात बोलत होते. रिसीव्हरच्या माणसालाही घाई होती. आदले चार दिवस हे रोज शेडमध्ये जात होते. मला वाटलं, माणूस निरोप घेतोय, जाऊ दे. लिलावाच्या वेळी कळलं की ह्यांनी दोन्ही लूम पुसून, तेल घालून, पट्टे बदलून ठेवले होते. शेडची वीज तोडलेली होती, म्हणून शेजारच्या खात्यातून वायर ओढून आणली होती. हे रिसीव्हरच्या माणसाला म्हणाले, "साहब, बोली बाद में. पहले चलाके दिखाता हूं." आणि त्यांनी लूम सुरू केला. खडाखड आवाजात भंगारवाल्यांचं बोलणं बुडालं. हातभर कापड विणून ह्यांनी ते कापून सगळ्यांना दाखवलं, एक गाठ नव्हती त्यात. शेजारच्या खातेवाल्यानं बोली लावली, मग आणखी एकानं लावली, आणि भाव भंगाराच्या तिप्पट झाला.

त्यातला एक पैसा आम्हाला मिळणार नव्हता. वाढलेला प्रत्येक रुपया धागेवाल्याला, भिशीवाल्यांना आणि कारीगरांना जाणार होता. हे ठाऊक असूनही माझा नवरा पट्टे बदलत बसला होता. आमच्या लग्नात बँड होता, घोडा होता, पण ह्यांचा मला खरा अभिमान वाटला तो त्या शेडमध्ये, भंगारवाल्यांच्या गर्दीत. मी दाराआड जाऊन पोटभर रडले. लूम खातेवाल्यानं घेतले आणि ह्यांनाही कारीगर म्हणून घेतलं. दुसऱ्या सोमवारपासून हे त्याच दोन लूमवर मीटरच्या भावानं कापड विणायला लागले. 'सेठ' म्हणणं लोकांनी आपोआप बंद केलं, आणि ते बरंच झालं.

सगळं विकून रुपयाला एकतीस पैसे वाटले गेले. मजुरांचा हक्क आधी असतो असं वकील म्हणाले तेव्हा मी खूश झाले. मग त्यांनी रक्कम सांगितली. माणशी वीस रुपये आधी, बाकीचे इतरांबरोबर, रुपयाला एकतीस पैशांनी. वीस रुपये! मी वकिलांशी भांडले, जसं काही तो कायदा त्यांनीच लिहिला होता. त्यांनी मला चहा पाजला.

शेवटची सुनावणी दीड वर्षानं लागली. सुटका मिळणार की नाही ते त्या दिवशी ठरणार होतं. वकील धास्तावले होते, कारण रुपयाला आठ आणेसुद्धा फिटले नसतील तर कोर्ट सहजासहजी सोडत नाही. दिवाळं माणसाच्या चुकीनं निघालं नाही, हे पटवावं लागतं. आणि नाही सोडलं तर ह्यांनी जन्मभर दुकानादुकानांत तेच वाक्य म्हणत फिरायचं, आणि धागेवाल्याचा माणूस पुन्हा आमच्या दारात. धागेवाला स्वतःच्या वकिलासह आला होता. त्याच्या वकिलानं सांगितलं की असल्या माणसांनी माल दडवलेला असतो, गावी पैसा पाठवलेला असतो, सोडू नका. ह्यांनी मान खाली घातली. मी कोपरानं ढोसलं तशी वर केली.

जजसाहेबांनी विचारलं, आणखी कोणा घेणेकऱ्याला काही सांगायचंय का? मागच्या बाकावरून ओडिशाचा कारीगर उठला. तो आला आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्याला दोन हजार तीनशे चाळीसातले जेमतेम साडेसातशे मिळाले होते, आणि तो जे काही बोलला असता ते त्याच्या हक्काचंच होतं.

तो हात जोडून म्हणाला, "साहब, उस साल बाजार में बहुत लोग भागा. ये आदमी भागा नहीं. इसको छोड दीजिए. हमको इसका घर मालूम है."

कोर्टात हशा पिकला. जजसाहेबही हसले असावेत, त्यांनी कागदावर मान घातली म्हणून दिसलं नाही. त्यांनी ह्यांना दोन-तीन प्रश्न विचारले, रिसीव्हरचा अहवाल पुन्हा चाळला आणि सुटका दिली.

पायऱ्या उतरताना वकील ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अब कायदे से तुम किसी के एक रुपये के देनदार नहीं." कारीगर आमच्या मागेच उभा होता. त्यानं ते ऐकलं, थोडा घुटमळला आणि हळूच विचारलं, "तो हमारा बाकी पैसा लेने हम पगार की तारीख पर आएं, कि नहीं आएं?"

वकील त्याला कायदा समजावून सांगणार होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात उरले असतील ते पैसे माझ्या मशीनचे होते.

"आना," मी म्हटलं. "घर तो मालूम है न."